शेडोपंत

इंग्लंडमध्ये परसदारी लाकडी शेड नाही असा गृहस्थ सहसा सापडत नाही. कुंपणाला खेटून बांधायची तर या शेडची उंची अडीच मीटरच्या वर जाऊ नये, असा सरकारी नियम आहे. आत कोण काय करतो हे कुणी विचारू नये, हा त्याहून कडक अलिखित नियम. कुणी पक्ष्यांसाठी खोपे ठोकतो, कुणी खेळण्यातल्या आगगाडीचं जंक्शन उभारतो, कुणी नुसता रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसतो. रेडिंगमधले आमचे शेजारी शेडमध्ये बीअर बनवतात. काटेकोर बोलायचं तर बीअर बनवण्याची तयारी करतात. असे शेजारी इथल्या दर दुसऱ्या गल्लीत भेटतील, त्यामुळे यांचं खरं नाव सांगून काही साधणार नाही. आमच्या घरात त्यांना शेडोपंत म्हणतात.

शेडोपंत निवृत्त आहेत. सारी नोकरी विम्याच्या कचेरीत झाली, त्यामुळे अजून न घडलेल्या अपघाताची काळजी त्यांना चांगली जमते. बारा महिने अर्धी विजार, विजारीला अडकवलेली मोजपट्टी, कानामागे पेन्सिल आणि खिशात एक वही. या वहीत बीअरचं सगळं लिहिलेलं असतं; चव सोडून. माल्ट किती, ते किती अंशांवर भिजवलं, हॉप्स कितव्या मिनिटाला टाकले, हे विचारा, ते सांगतील. बीअर कशी झाली होती विचारलंत तर "बरी म्हणायची" एवढंच उत्तर मिळतं. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला अर्ध्या ग्लासाची मर्यादा घालून दिली आहे आणि तो अर्धा ग्लासही ते उजेडाकडे धरून तपासण्यातच जास्त वेळ घालवतात. बाकीची गल्लीत वाटतात. लग्न राहिलं बाजूला, मांडवाचीच हौस, तसला हा प्रकार.

आम्ही इथे राहायला आलो त्याच संध्याकाळी ते दोन बाटल्या घेऊन स्वागताला आले होते. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "इंडिया पेल एल!" ते म्हणाले. "तुमच्यासाठीच तर बनवली होती." अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या बो इथला हॉजसन आपली पिंपं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढवत असे. पुढे 1820च्या दशकात बर्टनच्या कारखानदारांनी त्याचं गिऱ्हाईक पळवलं. भरपूर हॉप्स घातलेली ती बीअर विषुववृत्त दोनदा ओलांडूनही मुंबई-कलकत्त्याला शाबूत पोचायची. हा सगळा इतिहास आम्ही खोकी उघडता उघडता ऐकला. मी लातूरचा. आमच्या सात पिढ्यांत मुंबईच्या धक्क्यावर पिंप सोडवून घ्यायला कुणी गेलं नव्हतं, हे मी सांगितलं. त्याने फरक पडला नाही. माल उशिरा का होईना पत्त्यावर पोचला, अशा समाधानाने ते बाटल्या ठेवून गेले.

जाताना दारात थांबून म्हणाले, "बीअरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं." हे त्यांचं मुख्य वाक्य. त्याचा पुरता अर्थ कळायला आम्हाला पुढली काही वर्षं लागली.

मुळात हे सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात चालायचं. सातूच्या माल्टचा काढा हॉप्स घालून तासभर रटारट उकळावा लागतो. वाफेने खिडक्या ओघळतात, भिंतीवरचा कागद सुटतो, आणि क्षणभर नजर हलली की चिकट पाक उतू जाऊन शेगडीभर पसरतो. एका रविवारी त्यांच्या सौभाग्यवती अत्यंत मृदू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला शेड आहे ना?" इंग्रज बाई एवढ्या मृदू आवाजात प्रश्न विचारते तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. संध्याकाळच्या आत पातेली शेडमध्ये गेली.

शेडमध्ये छप्पर होतं, फळ्या होत्या, जमिनीखालून केबल टाकून आणलेली वीज होती, रेडिओ होता. नळ तेवढा नव्हता. नळ स्वयंपाकघरात, शेडपासून 22 मीटरवर. या 22 मीटरांवर शेडोपंतांचं निवृत्त आयुष्य उभं आहे.

त्यांच्या वहीतला हिशेब असा. एका वेळची बीअर 23 लिटर, म्हणजे जुन्या मापाने पाच गॅलन, म्हणजे चाळीस पाइंट. ती हातात पडायला 33-35 लिटर पाण्याने सुरुवात करायची, कारण पाचेक लिटर माल्टचा चोथा पिऊन टाकतो आणि तीन-चार लिटर वाफ होऊन जातं. पण खरी गंमत पुढे आहे. उकळता काढा लवकरात लवकर वीस अंशांपर्यंत उतरवावा लागतो, नाहीतर त्यात नको ते जंतू घर करतात आणि यीस्टला वावच उरत नाही. त्यासाठी तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडून त्यातून थंड पाणी खेळवायचं. त्याला 60 ते 80 लिटर. मग धुणं-विसळणं. थोडक्यात, 23 लिटर बीअरसाठी सव्वाशे-दीडशे लिटर पाणी, आणि ते सगळं वीस लिटरच्या कॅनमधून हिरवळ तुडवत न्यायचं. एका लिटरचं वजन एक किलो. पासष्टीच्या गुडघ्यांना हे गणित लगेच कळतं.

दुसरा कुणी असता तर त्याने बाजारातून बाटली आणली असती. शेडोपंतांनी बागेची रबरी नळी शेडपर्यंत ओढली. त्या खेपेची बीअर आम्ही प्यायलो आहोत. दवाखान्यातली फरशी नुकतीच पुसल्यावर येतो तो वास. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि बागेच्या नळीतल्या प्लास्टिकची द्रव्यं एकत्र आली की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि त्याचा अब्जांश भागसुद्धा जिभेला कळतो, हे त्यांनी आम्हाला पेला रिकामा व्हायच्या आत समजावून सांगितलं. चेहऱ्यावर दुःख औषधालाही नव्हतं. नवा शत्रू सापडला होता. मग कॅम्पडेनच्या गोळ्या आल्या. कॉट्सवोल्ड्समधल्या चिपिंग कॅम्पडेन गावात फळं टिकवण्यासाठी निघालेली ही गोळी अर्धी टाकली की बादलीभर पाण्यातलं क्लोरीन काही मिनिटांत नाहीसं होतं. मग कॅराव्हॅनवाले पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात तसली खास नळी आली. मग नळी रोज गुंडाळायचा कंटाळा आला म्हणून कुंपणाच्या कडेने कायमचा पाइप आला, फोमचं पांघरूण घातलेला.

तो 2018च्या मार्चपर्यंत टिकला. सैबेरियाकडून आलेल्या गारठ्याला इथल्या वर्तमानपत्रांनी 'पूर्वेचं श्वापद' असं नाव दिलं होतं. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप तेवढा फुगत नाही. बर्फ वितळलं त्या सकाळी आमच्या कुंपणावर तीन कारंजी उडत होती. शेडोपंत छत्री घेऊन त्यांची उंची मोजत होते.

यापुढे पाइप जमिनीखालून, हे तेव्हाच ठरलं. पण ठरणं आणि खणणं यांच्यामध्ये शेडोपंतांच्या जातीच्या माणसाला आराखडा लागतो. तो त्यांनी चार हिवाळे काढला. एकास पन्नास प्रमाण, रंगीत पेन्सिली. निळी रेघ पाण्याची, लाल रेघ विजेची, सफरचंदाच्या झाडाला हिरवं वर्तुळ. आमच्याकडे चहाला आले की गुंडाळी सोबत असायची. मीही ती अनेकदा पाहिली, वाखाणली, एक-दोन सूचनासुद्धा केल्या.

2022च्या उन्हाळ्यात माझी आई लातूरहून आली. त्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशीपार गेला होता. आईने स्वेटरांनी भरलेली बॅग उघडलीच नाही. हिरवळी करपून गवताच्या गंजीच्या रंगाच्या झाल्या, आणि ऑगस्टअखेर आमच्या भागात नळीबंदी लागू झाली. बागेला नळीने पाणी घालायचं नाही, गाडी धुवायची नाही, पोरांचे टब भरायचे नाहीत. मनाई केलेल्या कामांच्या यादीत बीअर थंड करणं नव्हतं. शेडोपंतांनी यादी वाचून खात्री केली, ती छापून प्लास्टिकमध्ये मढवली आणि कुंपणावर टांगली. तरी येणारे-जाणारे त्यांच्या नळीकडे बघायचेच. कुणी बोलायचं नाही. इथे माणसाला वाळीत टाकतात तेसुद्धा हवापाण्याच्या गप्पा मारत.

बोलली ती आई. कुंपणाच्या फटीतून तिने तांब्याचं वेटोळं पाहिलं, त्यातून बाहेर पडणारी धार पाहिली आणि ती धार सरळ मातीत जिरताना पाहिली.

"काय करायलाय रे तो बाबा?"

"बीअर बनवतोय."

"हातभट्टी? दिवसाउजेडी?"

मी तिला समजावलं की हा माणूस दारू गाळत नाही, नुसतं आंबवतो. गाळायला इथेही परवाना लागतो, नाहीतर तुरुंग आहे. आंबवायलाही पूर्वी लागायचा. 1963च्या अर्थसंकल्पात मॉडलिंग नावाच्या अर्थमंत्र्याने तो काढून टाकला. आता घरच्यापुरती कितीही बनवा, विकू मात्र नका.

"म्हणजे सरकारनं सोडलं तर यानं स्वतःलाच जुंपून घेतलं."

मी म्हटलं, आपल्याकडे तर नुसतं प्यायलासुद्धा परवाना लागतो, 1949चा कायदा आहे. आई म्हणाली, "तुझ्याकडं होता का?" मी तिला शेडची लांबी-रुंदी सांगू लागलो.

तिचं लक्ष धारेवरच होतं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा बाकीच्या देशाने ती टीव्हीवर बघितली. आईने ते पाणी घागरीत घेतलं होतं. त्याआधी महिनाभर टाक्यांभोवती जमावबंदी होती. अशा बाईसमोर हा गृहस्थ ऐंशी लिटर पाणी गवताला पाजत होता आणि तेही वहीत नोंद करून.

तिने आमच्या दोन बादल्या उचलल्या आणि फाटकातून सरळ त्यांच्या परसात गेली. मी मागे धावलो, भाषांतर करायला. त्याची गरज पडली नाही. तिने नळीचं तोंड बादलीत सोडलं. वेटोळ्यातून येणारं पहिलं पाणी हात भाजेल इतकं कढत असतं. ती बादली तिने शेडच्या दारात ठेवली आणि पातेली घासण्याची खूण केली. दुसरी कोमट. ती सौभाग्यवतींच्या हातात दिली आणि कपड्यांकडे बोट दाखवलं. तिसरी गार होईपर्यंत थांबून टोमॅटोंना. बादलीने पाणी घालायला बंदी नव्हती. शेडोपंत पेन्सिल हातात घेऊन थिजले होते. इतक्या वर्षांच्या वहीत आत येणाऱ्या पाण्याला पाच रकाने होते, बाहेर जाणाऱ्याला एकही नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी सहावा रकाना आखला आणि वर मथळा लिहिला: आई.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. आई मराठवाडी बोलायची, ते बर्कशरची इंग्रजी, आणि विषय एकच असल्यामुळे अडायचं नाही. पाणी कुठून येतं, किती वाजता येतं, प्रेशर किती. चोवीस तास येतं म्हटल्यावर आई त्यांना म्हणाली, मग घाई कशाची आहे? हे मात्र मी भाषांतरित केलं आणि ते वाक्य त्यांना अतिशय पटलं, ही माझ्या मते खेदाची गोष्ट.

आईने आणखी एक केलं. भारतीय वाण्याकडून तुळशीचं रोप आणलं आणि वृंदावनाला आयता ओटा हवा म्हणून आमच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेलं लोखंडी झाकण निवडलं. सपाट, पक्कं, उन्हातलं. हिवाळ्यात रोप आत घ्यायचं, उन्हाळ्यात परत तिथेच ठेवायचं, असं बजावून ती ऑक्टोबरात लातूरला गेली.

पुढच्या वसंतात चर खणायला सुरुवात झाली. पाण्याचा पाइप किमान 750 मिलिमीटर खोल हवा, कारण तिथवर इथला गारठा पोचत नाही; 1999च्या नियमांत तसं लिहिलं आहे. शेडोपंतांनी एका काठीवर लाल रंगाने तेवढी खूण केली आणि दर फुटाला ती उभी करून पाहू लागले. मी फावडं घेऊन त्यांच्या पुढे होतो. इंग्लंडच्या मातीत दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी ओढून टाकलेल्या मातीच्या चिलमींचे तुकडे जागोजाग निघतात, निळ्या नक्षीच्या बश्यांचे तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा निघाला की काम थांबायचं. तुकडा धुऊन, पुसून, अंतर लिहून आराखड्यावर नोंदवला जायचा. एक रॉबिन पक्षी गांडुळांच्या आशेने सतत आमच्या मागे असायचा. तिघांत सर्वांत नेमाने काम त्याने केलं.

निळा पंचवीस मिलिमीटरचा पाइप भेंडोळ्यात येतो. दोरी कापली की तो कमरेएवढ्या उंचीवर स्वतःच्या मर्जीने उलगडतो आणि चरात पडायला नकार देतो. त्याला उन्हात घालून नरम करावं लागतं, आणि एप्रिलमध्ये ऊन म्हणजे आधी अर्ज करून ठेवायची गोष्ट. शेवटी एका टोकावर ते बसले, दुसऱ्यावर मी, आणि सौभाग्यवतींनी मधे माती लोटली. शेडमध्ये स्टॉपकॉक, टेफ्लॉन टेप, आणि त्यापुढे दुहेरी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हा कायद्याने सक्तीचा. नाहीतर प्रेशर पडलं की शेडमधला काढा पाइपातून उलटा जाऊन शहराच्या नळांना लागायचा. रेडिंगकरांनी याला हरकत घेतली असती असं मला वाटत नाही.

मे महिन्यात नळ सुटला. गल्ली जमली होती. आधी हवा खाकरली, मग तपकिरी, मग स्वच्छ पाणी. शेडोपंतांनी पाहुण्यांना एकेक ग्लास भरून दिला. पाणीच होतं. हत्यारांनी शेड भरल्यामुळे त्या वर्षी बीअर झालीच नव्हती, आणि हे त्यांच्याखेरीज सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

मला वाटलं, आता संपलं. मी त्या माणसाला अजूनही ओळखलं नव्हतं. आठवड्याभरात ते पाण्याचा अहवाल घेऊन आले. रेडिंगचं पाणी खडूच्या थरांतून झिरपून येतं, त्यामुळे जड. किटलीत पांढरी खपली धरते. काळ्या बीअरला चालेल, पण पेल एलला नाही. पेल एलला बर्टनचं पाणी लागतं, जिप्सम विरघळलेलं. गेल्या दीडशे वर्षांत जगभरचे बीअरवाले आपल्या पाण्यात जिप्सम टाकून बर्टनची नक्कल करत आले आहेत. पिल्झनच्या सोनेरी बीअरला उलट जवळपास काहीच नसलेलं पाणी लागतं. तेव्हा उपाय एकच: नळाच्या पाण्यातून आधी सगळं काढून टाकायचं आणि मग हवं ते मोजून घालायचं. त्यासाठी त्यांनी आरओचं यंत्र बसवलं. म्हणजे 22 मीटर चर खणून जे आणलं त्यातलं पाणी सोडून बाकी सगळं फेकायचं. हे मी बोललो नाही. आई असती तर बोलली असती.

हे यंत्र एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सांडपाणी सोडतं. जून महिन्यात एका सकाळी कुंपणापलीकडे बादल्यांचा आवाज येऊ लागला. शेडोपंत शेडमधून भरलेल्या बादल्या काढून घराकडे निघाले होते, चढावर. बेसिनखाली मोरी नव्हती. चार हिवाळे काढलेल्या आराखड्यात निळी रेघ होती, लाल रेघ होती. तपकिरी रेघ काढायची राहिली होती. माल्टचं खरकटं पाणी पावसाच्या गटारात सोडता येत नाही, ते मैल्याच्या वाहिनीतच जायला हवं. ती वाहिनी घराशी, आणि घर शेडपेक्षा वरच्या अंगाला. पाण्याला चाळिसात एक असा उतार हवा. त्यांच्याकडे चढ होता.

आमची बाग त्यांच्याहून खालच्या अंगाला आहे.

दुपारी ते आले. हातात आराखड्याची नवी गुंडाळी, काखेत पाणसळ. चहा घेतला, आईची चौकशी केली, लातूरला पाऊस झाला का विचारलं. 2011 सालापासून घराघरांतून जाणाऱ्या सामायिक वाहिन्या पाणी कंपनीच्या मालकीच्या झाल्या आहेत आणि रीतसर परवानगी काढली तर त्यांना जोड देता येतो, ही माहिती त्यांनी कुणीही न विचारता दिली. मग खिडकीपाशी उभं राहून बराच वेळ आमच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"सहज विचारतो," ते म्हणाले, "तुमच्या आईंच्या त्या कुंडीखाली लोखंडी झाकण आहे ना?"